शेतापासून रस्त्यापर्यंत : जखमी माणसास सुरक्षितपणे हलविण्याची रीत

शेतीच्या धंद्यात अपघात ही काही नवी गोष्ट नाही. पूर्वी बैल उधळून गाडी उलटे, विहीर खणताना दरड अंगावर येई, आंबे उतरविताना फांदी मोडे. आज त्यांच्या जोडीस ट्रॅक्टर, मळणीयंत्र, विजेचा पंप व फवारणीचा ब्लोअर आले आहेत. अपघात होताच आसपासच्या वस्तीवरील माणसे हातातील काम टाकून धावून येतात, ही आपल्या ग्रामजीवनातील मोठी जमेची बाजू होय. परंतु धावून आलेली माणसे पहिली गोष्ट करतात ती जखमीस उचलण्याची. कोणी बगलेत हात घालतो, कोणी पाय धरतो, कोणी उठवून बसवितो आणि कोणी तोंडाशी पाण्याचा तांब्या नेतो. ह्या उचलाउचलीत होणारी हानी कधी कधी मूळ अपघाताहूनही मोठी ठरते.

अंबड परिसरात ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते. अंबड आज नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. एका अंगास औद्योगिक वसाहत आहे, जवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि शहरातील रुग्णालयेही फार दूर नाहीत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यांवर प्रथमोपचाराच्या पेट्या ठेवण्याचे व ५०० हून अधिक कामगार असल्यास उपचारासाठी स्वतंत्र खोली ठेवण्याचे बंधन घातले. त्यामुळे मोठ्या कारखान्यातील कामगारास स्ट्रेचर कोठे टांगले आहे हे सहसा ठाऊक असते. त्याच कारखान्याच्या कुंपणापलीकडे मळ्यात राबणाऱ्या माणसाजवळ मात्र घोंगडी, शिडी आणि शेजारी एवढीच साधने असतात. रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने भरलेली पाणंद तिच्या आवाक्यातील नव्हे. मळ्यापासून रस्त्यापर्यंतच्या त्या दोनतीनशे पावलांत जखमी माणूस शेजाऱ्यांच्याच हाती असतो. प्रस्तुत लेख त्या दोनतीनशे पावलांविषयी आहे.

हलवावे की हलवू नये?

प्रथम विचार हलविण्याचा नव्हे, न हलविण्याचा करावा. जेथे माणूस पडला आहे तेथे त्याच्या जीवास आणखी धोका नसेल, तर त्यास तसेच पडू द्यावे, एकाने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने रुग्णवाहिकेस वाट दाखविण्यासाठी रस्त्यावर जाऊन उभे राहावे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. ह्या रुग्णवाहिकेबरोबर येणाऱ्या माणसांस जखमी हलविण्याचे शिक्षण दिलेले असते व त्यांच्याजवळ त्यासाठी लागणारी साधनेही असतात. ती पाणंदीतून पायी आत येऊ शकत असतील तर त्यांची वाट पाहणे हेच शहाणपणाचे.

ह्याचे कारण पाठीच्या कण्यात आहे. कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. त्यांपैकी ७ मानेत, १२ छातीमागे व ५ कमरेत असतात आणि त्याखाली माकडहाडापर्यंतचे जुळलेले मणके येतात. ह्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. विहिरीतील पंपाची केबल लोखंडी नळीतून न्यावी तशीच ही रचना आहे. नळीस तडा गेला तरी आतील केबल शाबूत असेतोवर पंप चालतो. तडकलेली नळी कोणी हिसडली आणि तिची धार केबलवर बसली की पंप बंद पडतो. केबलला सांधा मारता येतो, तसा मज्जारज्जूला मारता येत नाही. तो कमरेशी दुखावला तर पाय लुळे पडतात, मानेत खाली दुखावला तर हातही जातात आणि मानेत वरच्या बाजूस तुटला तर श्वासच थांबतो. म्हणून ज्याचे मणके मोडले आहेत परंतु मज्जारज्जू शाबूत आहे, अशा माणसाचे पुढील सारे आयुष्य त्याला उचलणाऱ्या चार माणसांवर अवलंबून असते.

कण्यास इजा झाली असेल असे केव्हा मानावे? माणूस झाडावरून, माळ्यावरून, कांदाचाळीच्या छपरावरून किंवा गाडीतील कडब्याच्या भारावरून पडला असेल. ट्रॅक्टर त्याच्यावर उलटला असेल. रस्त्यावर वाहनाची धडक बसली असेल. किंवा त्याने उथळ पाण्यात डोक्यावर उडी घेतली असेल, तर इजा झालीच आहे असे धरून चालावे. मान किंवा पाठ दुखते, हातापायांस मुंग्या येतात, पाय हलत नाही, लघवी नकळत झाली, ही तर स्पष्ट लक्षणे होत. जखमी बेशुद्ध असेल तर तो काहीच सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीतही तेच गृहीत धरावे. ‘तो उठून दोन पावले चालला, म्हणजे त्याला काही झाले नाही’ असे पुष्कळजण म्हणतात. मणका मोडूनही माणूस दोन पावले चालू शकतो. जखमीस चालवून पाहणे ही परीक्षा नव्हे.

ज्या वेळी थांबता येत नाही

आता दुसरी बाजू. आग, पाणी, विषारी वायू, वीज, कोसळती दरड आणि वाहता रस्ता ह्या ठिकाणी वाट पाहता येत नाही. नाशिक येथे औरंगाबाद रस्त्यावर ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे खासगी बस व मालमोटार यांची टक्कर होऊन बस पेटली व १२ प्रवासी प्राणास मुकले. अशा वेळी कणा सांभाळीत बसण्यास अवधी नसतो. हाती लागेल त्यास ओढून बाहेर काढणे हेच कर्तव्य. तथापि ओढतानाही एक पथ्य पाळता येते. जखमीस आडवे किंवा वाकडे न ओढता शरीराच्या लांबीच्या दिशेने ओढावे. खांद्याजवळचे कपडे दोन्ही मुठींत धरावे, डोके आपल्या दोन मनगटांच्या मध्ये टेकू द्यावे आणि मागे मागे सरकावे. अंगाखाली घोंगडी सारता आली तर घोंगडीसकट ओढावे. धोक्यातून बाहेर येताच ओढणे थांबवावे. घाईच्या भरात तसेच रस्त्यापर्यंत फरफटत नेण्याचे कारण नाही.

विजेचा झटका बसलेल्या माणसास स्पर्श करण्यापूर्वी स्टार्टर व मेन स्विच बंद करावा. पंपाच्या वायरीबाबत, मेन स्विच हाताशी नसल्यास, कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर सारता येते. उच्च दाबाची तार तुटून पडली असेल तर कोरडे लाकूडही उपयोगाचे नाही. तेथे दूर उभे राहून इतरांस अडवावे आणि १९१२ वर कळवून प्रवाह बंद करवून घ्यावा.

वायूविषयी अधिक कडक राहावे लागते. वापरात नसलेली विहीर, गोबरगॅसची टाकी किंवा शौचालयाची टाकी यांत एक माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढण्यास दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि एकाच घरातील तिघे जातात. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. कंदील विझला तर आत जाऊ नये हे खरे, परंतु तो जळत राहिला म्हणजे विषारी वायू नाही असे सिद्ध होत नाही. अशा ठिकाणी अग्निशामक दलास बोलवावे आणि वरूनच दोर टाकून पाहावे.

आपल्या जिल्ह्यात विहिरींची संख्या मोठी व कठडे नसलेल्या विहिरीही पुष्कळ. २८ जानेवारी २०२० रोजी मालेगाव-देवळा मार्गावर मेशी शिवारात एस.टी. बस व रिक्षा यांची टक्कर होऊन दोन्ही वाहने रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली आणि २५ हून अधिक माणसे दगावली. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत जाऊन ७ स्त्रियांचा अंत झाला. विहिरीतून माणूस वर काढताना कमरेस एकच दोर बांधून ओढण्याचा प्रघात आहे. त्याने शरीर घडी पडल्यासारखे वाकते व श्वासही कोंडतो. त्याऐवजी बाजेच्या चारी कोपऱ्यांस चार दोर बांधून ती खाली सोडावी, जखमीस तीवर आडवे घ्यावे आणि चौघांनी चारी दोर सारख्या गतीने ओढावेत. विहिरीत पडलेला बिबट्या वर काढण्यासाठी बाज सोडण्याची युक्ती नाशिक-जुन्नरकडे आपण सर्वांनी पाहिली वा ऐकली आहे. माणसाच्या वाट्यास निदान तेवढी व्यवस्था यावी. वर काढलेल्याचा श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देण्यास व छाती दाबण्यास काठावरच प्रारंभ करावा. पोट दाबून पाणी काढीत बसणे किंवा पायांस धरून उलटे टांगणे यात केवळ वेळ दवडला जातो.

उचलण्यापूर्वी

श्वास, रक्तस्राव व मोडलेले हाड ह्या तीन गोष्टी उचलण्याआधी पाहावयाच्या असतात, आणि त्याच क्रमाने. श्वास चालत नसेल तर जखमीस हलविण्याचा प्रश्नच उरत नाही. जागेवर, कठीण जमिनीवर, छातीच्या मधोमध मिनिटास १०० ते १२० वेळा ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा व मदत येईतो थांबू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरावी. शरीरात रुतलेला बांबूचा खुंट अथवा अवजाराचे पाते मात्र उपसू नये. त्याभोवती कापडाची कडी करून ते तसेच स्थिर ठेवावे.

मोडलेला पाय बांधल्याशिवाय उचलणे हा एक क्रूर प्रकार आहे. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंब न दिसताही मांडीच्या आत लिटरभर रक्त साचू शकते, आणि प्रत्येक हिसक्यास ते वाढते. बांबूच्या दोन कामट्या घ्याव्यात, त्यांस जुने कापड गुंडाळावे आणि मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे आवरतील अशा लांबीने त्या बांधाव्यात. कामटी न मिळाल्यास मध्ये कापडाची घडी ठेवून दुखरा पाय चांगल्या पायास बांधावा. वाकडा झालेला पाय ओढून सरळ करण्याचा मोह टाळावा. बांधण्यासाठी उपरणे, ओढणी, फेटा किंवा साडीची पट्टी उत्तम. सुतळी कातडीत रुतते. बांधून झाल्यावर पायाची बोटे गार पडली किंवा निळी दिसू लागली तर बंध सैल करावेत.

खाण्यापिण्यास काहीही देऊ नये. रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी लागल्यास भरलेले पोट अडचणीचे होते. शिवाय अर्धवट शुद्धीतील माणसाच्या श्वासनलिकेत चहा जाऊ शकतो. ओठ ओले करावेत, अंगावर घोंगडी घालावी आणि जवळच्या माणसाने त्याच्याशी बोलत राहावे.

फळीवर घेण्याची रीत

कण्याच्या इजेची शंका असलेल्या माणसास हलवावेच लागले, तर सारे कौशल्य एका गोष्टीत आहे. डोके, मान, धड व पाय ही एकाच ओंडक्याची अंगे असल्याप्रमाणे एकाच वेळी, एकाच रेषेत हलली पाहिजेत. त्यासाठी पाच माणसे असावीत. चारांतही काम भागते.

साधन म्हणून साडेपाच ते सहा फूट लांबीची सपाट फळी किंवा खोलीचे लाकडी दार बिजागऱ्यांवरून उतरवून घ्यावे. पत्र्याच्या दाराच्या कडा कापतात, म्हणून ते टाळावे. शिडी असल्यास तीवर आडव्या फळ्या टाकून वर सतरंजी पसरावी.

पहिल्या माणसाने जखमीच्या डोक्यामागे गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही तळहातांनी डोके दोन बाजूंनी धरावे. नाक व बेंबी एका रेषेत राहिली पाहिजेत. मात्र मान वळविताना अडथळा वाटला किंवा वेदना वाढली तर ती आहे तशीच धरून ठेवावी. ह्या माणसाने पुढे शेवटपर्यंत डोके सोडावयाचे नाही. हुकूमही त्याचाच चालावा, मग तो वयाने सर्वांत लहान का असेना. बाकी तिघांनी जखमीच्या एकाच अंगास ओळीने बसावे. एकाने पलीकडचा खांदा व कंबर, दुसऱ्याने पलीकडचा खुबा व मांडी, तिसऱ्याने गुडघा व पोटरी धरावी. डोक्याकडील माणसाने ‘एक, दोन, तीन’ म्हणताच तिघांनी मिळून जखमीस आपल्याकडे कुशीवर वळवावे आणि डोके त्याच गतीने, तेवढेच वळावे. पाचव्याने पाठीमागून फळी सारून पाठीस भिडवावी. पुन्हा हुकूम होताच सर्वांनी त्यास फळीसह पाठीवर आणावे. फळीच्या मध्यावर घेण्यासाठी आडवे ढकलू नये. लांबीच्या दिशेने किंचित सरकवावे. खुब्याची हाडे मोडल्याचा संशय असेल तर वळविण्याचे प्रमाण शक्य तितके कमी ठेवावे आणि खुब्याभोवती रुंद चादर घट्ट बांधावी.

आमच्या अंबड भागातील शेतीशाळेत ही रीत एका धडधाकट तरुणावर करवून घेतली, तेव्हा पहिल्या खेपेस चौघेही एकाच वेळी बोलू लागले व तरुण मध्येच पिळला गेला. तिसऱ्या खेपेस एकाचाच आवाज ऐकू आला आणि काम पाव मिनिटात झाले. वाचून ही रीत अंगवळणी पडत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणी व काढणीच्या मधल्या सवडीत एखाद्या दुपारी ती करवून घ्यावी. आशा कार्यकर्ती व पोलीस पाटील यांना अवश्य बोलवावे. स्त्रियांचीही एक तुकडी असावी, कारण खुडणी-निंदणीच्या वेळी मळ्यात बहुधा त्याच असतात.

फळीवर घेतल्यानंतर छाती, खुबे, मांड्या व पावले रुंद पट्ट्यांनी फळीस बांधावी; छातीवरील पट्टी श्वास कोंडणार नाही इतपतच असावी. डोक्याखाली उशी देऊ नये. डोक्याच्या दोन्ही बाजूंस कापडाच्या वळकट्या ठेवाव्यात. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, म्हणून त्याच्या खांद्यांपासून कमरेपर्यंत चादरीची पातळ घडी घालावी, म्हणजे मान पुढे झुकत नाही. वाटेत उलटी झाली तर फळीसकट सगळे अंग कुशीवर करावे. उलटी श्वासनलिकेत जाणे हे कण्याच्या इजेहून तातडीचे संकट आहे.

झोळी, बाज व घोंगडी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी ह्या तालुक्यांतील डोंगरपाड्यांवर आजही रोग्यास झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. एका बांबूस घोंगडी किंवा चादर टांगून दोघे ती खांद्यावर वाहतात. जेथे गाडीवाट नाही तेथे तापाचा रोगी किंवा अडलेली बाळंतीण ह्यांच्यासाठी झोळीने असंख्य जीव वाचविले आहेत. तिला नावे ठेवण्याचा हेतू नाही. परंतु झोळीत शरीर धनुष्यासारखे वाकते. पाठ किंवा मान दुखावलेल्या माणसास ती सर्वथा वर्ज्य होय.

कणा शाबूत असून पाय मोडला असेल, तर दोन बांबूंचे स्ट्रेचर पुरते. सात-आठ फुटांचे दोन मजबूत बांबू घ्यावेत. दोन-तीन धड गोण्यांच्या तळाचे दोन्ही कोपरे कापून त्यांतून बांबू ओवावेत आणि दोन बांबूंमध्ये दोन फुटांचे अंतर राहावे म्हणून दोन्ही टोकांस आडव्या काठ्या बांधाव्यात. जुनी गोणी दगा देते. म्हणून प्रथम एका निरोगी व वजनदार माणसास त्यावर निजवून उचलून पाहावे. बाज वापरावयाची तर तिची सुंभे ताणून घट्ट करावीत आणि वर फळी टाकावी.

उचलताना गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून सर्वांनी एकदम उठावे, नाहीतर दुसरा जखमी त्याच जागी तयार होतो. सपाट वाटेने पाय पुढे व डोके मागे ठेवून चालावे, म्हणजे मागच्या माणसास जखमीचा चेहरा दिसत राहतो. चढावर मात्र डोक्याची बाजू पुढे घ्यावी. पुढच्याने डावा पाय टाकला तर मागच्याने उजवा टाकावा; एका ठेक्यात चालल्यास स्ट्रेचर पाळण्यासारखे झुलते. द्राक्षबागेतील मांडव ठेंगणा असतो व वाहणाऱ्यास वाकून चालावे लागते, म्हणून दोन ओळींमधून सरळ जवळच्या टोकास बाहेर पडावे, तारांखालून आडवे जाऊ नये. बांध ओलांडताना स्ट्रेचर बांधावर टेकवून हातबदल करावा.

वाहन

रुग्णवाहिका मिळण्यासारखी नसेल तेव्हाच खासगी वाहन घ्यावे. कण्याची इजा असलेल्यास मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे किंवा जीपच्या मागील बाकावर दुमडून घालणे ह्याइतके घातक दुसरे काही नाही. टोमॅटो-द्राक्षे वाहणारी पिकअप त्यातल्या त्यात बरी. हौद्यात गवत पसरून त्यावर फळी ठेवावी, ती दोन्ही बाजूंस बांधावी आणि डोक्याशी एका माणसाने बसावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस स्प्रिंगा नसल्याने प्रत्येक खड्डा पाठीस लागतो; दुसरा इलाजच नसेल तर तीत गवताचा जाड थर द्यावा व गाडी माणसाच्या चालीने हाकावी.

सर्पदंशाची गोष्ट निराळी आहे. तेथे कणा नव्हे, वेळ महत्त्वाची. दंश झालेल्यास चालू देऊ नये, कारण स्नायूंच्या हालचालीने विष वेगाने पसरते. दंश झालेला हात किंवा पाय कामटीने बांधून स्थिर करावा, करकचून दोरी आवळू नये, जखम कापू नये. अशा माणसास मोटारसायकलवर चालक व मागील माणूस ह्यांच्या मध्ये धरून ताबडतोब रुग्णालयात नेण्यास हरकत नाही. छातीत कळ येणाऱ्यासही चालवू नये. त्यास अर्धवट बसलेल्या स्थितीत न्यावे. फवारणीच्या औषधाची बाधा झालेल्यास वाऱ्याच्या बाजूस आणून भिजलेले कपडे काढावेत, अंग धुवावे, डाव्या कुशीवर न्यावे आणि औषधाची बाटली लेबलासह सोबत द्यावी.

रस्त्यावरील अपघातात ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ ह्या भीतीने पुष्कळजण हात लावीत नाहीत. ह्या भीतीस आता आधार उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम सर्वांवर बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ घालून त्यांस कायद्याचे रूप आले. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा वा खटला चालत नाही, व आपले नाव-गाव सांगण्याची सक्तीही त्यास करता येत नाही.

रुग्णवाहिकेच्या माणसांस तीन-चार गोष्टी नेमक्या सांगाव्यात : माणूस किती उंचीवरून व कसा पडला, मध्ये शुद्ध गेली होती काय, पाय हलत होते काय, व कामट्या किंवा पट्ट्या किती वाजता बांधल्या. जखमी फळीवर किंवा दारावर असेल तर त्याला दुसऱ्या साधनावर कसे व केव्हा घ्यावयाचे हे त्यांना ठरवू द्यावे. आपले दार परत हवे म्हणून त्यास तेथेच खाली उतरविण्याची घाई करू नये. दार दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून आणता येते.